आधी तारा मोजा

"दुसरी पृथ्वी सापडली" ही बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी येते आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर भाचा ती न चुकता टाकतो. "मावशी, हे बघ." मी बघते. बातमीत अधिक-उणेचं चिन्ह शोधते. ते नसतंच.

माझा धंदाच मोजमापाचा. भोसरी एमआयडीसीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबची स्टँडर्ड्स रूम मी सांभाळते. आजूबाजूच्या कारखान्यांतले मायक्रोमीटर, व्हर्नियर, प्लग गेज आमच्याकडे येतात, आम्ही ते आमच्या स्लिप गेजशी, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांशी, ताडून बघतो आणि सर्टिफिकेट देतो. त्यावर मापाशेजारी अनसर्टन्टी, म्हणजे ते माप किती अधिक-उणे असू शकतं ते, लिहिलेलं नसेल, तर तो कागद भेळ बांधायच्या लायकीचा. आमचे स्लिप गेजही आणखी वरच्या लॅबमधून तपासून आलेले असतात. ज्याच्याशी ताडायचं तो मास्टरच चुकला, तर त्याच्यावरून पास केलेलं सगळं चुकलं. त्यामुळे परग्रहांबद्दल, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांबद्दल, काहीही वाचलं की मला एकच प्रश्न पडतो: इथे मास्टर कोण?

मास्टर तारा असतो, ग्रह नव्हे. आणि बातम्यांत ताऱ्याला कुणी विचारत नाही.

ग्रह मुळात सहसा दिसतच नाही. तारा ठरावीक दिवसांनी किंचित मंद होतो आणि पुन्हा पूर्ववत होतो, एवढंच दिसतं. समोरून जाणारा ग्रह ताऱ्याच्या चकतीचा जेवढा भाग झाकतो तेवढा उजेड कमी. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर साधारण १ टक्का. पृथ्वीएवढा गेला तर दहा लाखांत ८४ भाग. केप्लर दुर्बिणीने २००९ पासून हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांकडे टक लावून दीड लाखाहून जास्त ताऱ्यांवर ही असली घट शोधली. काम अफाट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातून हाती काय येतं, तर फक्त एक गुणोत्तर. घटीचं वर्गमूळ काढलं की ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या कितवा भाग, ते कळतं. किलोमीटर कळत नाहीत.

गणेशखिंडीत आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान दिनाला, शाळकरी पोरांच्या गर्दीत, मी एका संशोधक विद्यार्थ्याला हेच विचारलं. नागपूरकडचा मुलगा होता. प्रकाशाचा आलेख दाखवून तो "आणि असा आपल्याला ग्रहाचा आकार मिळतो" म्हणाला. मी म्हटलं, "ताऱ्याची त्रिज्या कुठून आणली?" तो हसला. "मॅडम, हे कुणी विचारत नाही." मग मागची रांग विसरून त्याने पॅम्प्लेटच्या पाठीवर लिहायला घेतलं. वर्णपटावरून, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून, ताऱ्याचं तापमान काढायचं. अंतर कळलं की दिसणाऱ्या तेजावरून खरं तेज काढायचं. एवढ्या तापमानाला एवढं तेज द्यायला केवढा पृष्ठभाग लागेल, ते बघायचं. झाली त्रिज्या! दुसरी वाट ताऱ्याच्या कंपनांची. ताऱ्याच्या आत ध्वनिलहरी घुमत असतात, त्यांनी त्याचं तेज अगदी बारीक लुकलुकतं, आणि त्या लयीवरून ताऱ्याची घनता, आकार बराच अचूक काढता येतो. तो कागद मी घरी आणलाय.

आता गंमत बघा. ग्रह कशाचा बनलाय हे ठरतं घनतेवरून, आणि घनतेत त्रिज्येचा घन येतो. समजा, खरा ग्रह पृथ्वीसारखा आहे, घनता पाण्याच्या ५.५ पट. ताऱ्याची त्रिज्या आपण १० टक्के जास्त धरली. ग्रहाची त्रिज्याही १० टक्के फुगली, आकारमान ३३ टक्के फुगलं आणि घनता उतरली ४.१ वर. लोखंडाचा गाभा असलेला दगडी ग्रह कागदावर पाणथळ वाटायला लागला. मग मथळा येतो, "महासागरांचा ग्रह"! शेजारी न दिसलेला जोडतारा असेल तर चूक उलट्या बाजूला जाते. त्याचाही उजेड मोजणीत मिसळतो, घट उथळ दिसते आणि ग्रह प्रत्यक्षापेक्षा लहान भरतो.

सुरुवातीला केप्लरच्या बहुतेक ताऱ्यांच्या त्रिज्या त्यांच्या रंगांवरून अंदाजाने काढलेल्या होत्या. चूक २५ टक्के, कधी त्याहून जास्त. आमच्याकडे असा मास्टर आला असता तर मी तो गेटवरूनच परत पाठवला असता. पण त्यांच्यापुढे दीड लाख तारे होते, हेही खरं. मग हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीतून १,३०५ ताऱ्यांचे नीट वर्णपट घेतले गेले, त्यांच्याभोवतीच्या २,०२५ ग्रहांची मापं सुधारली, आणि २०१७ साली बेंजामिन फुल्टन आणि सहकाऱ्यांनी त्या मापांचा आलेख काढला. पृथ्वीच्या दीड ते दोन पट त्रिज्येच्या मधे चक्क दरी निघाली. अलीकडे ग्रह भरपूर, पलीकडे भरपूर, मधे तुटवडा. ही दरी जुन्या आकड्यांतही होतीच, फक्त ताऱ्यांच्या ढिसाळ मापांनी ती बुजवून टाकली होती. पुढच्याच वर्षी गाया उपग्रहाने ताऱ्यांची अंतरं अचूक दिली, ताऱ्यांच्या त्रिज्येतली चूक ३ टक्क्यांच्या आसपास आली आणि दरी आणखी स्वच्छ दिसू लागली. ग्रहांकडे नव्याने कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं! ही गोष्ट मी लॅबमधल्या ट्रेनी पोरांना इतक्या वेळा सांगितली आहे की आता ते माझ्याआधी शेवट सांगतात.

दरीच्या अलीकडचे ग्रह उघडे दगडी, पलीकडचे हायड्रोजन-हेलियमचं पांघरूण घेतलेले, असा सर्वसाधारण समज आहे. वजनाच्या एक-दोन टक्के असा वायू असला तरी ग्रह जवळजवळ दुप्पट फुगतो. पांघरूण थोडकं असलं तर ते टिकत नाही, उडून जातं. ते ताऱ्याच्या क्ष-किरणांनी उडतं की ग्रहाच्या स्वतःच्या पोटातल्या उष्णतेने, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

वजनाची बाजू तर माझ्या जास्तच जवळची. ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, तारा मागेपुढे डुलतो आणि वर्णपटातल्या रेषा सरकतात. पृथ्वी सूर्याला डुलवते सेकंदाला ९ सेंटीमीटर वेगाने. हे पकडायचं तर यंत्र हलता कामा नये, तापता कामा नये. चिलीतला हार्प्स वर्णपटमापक निर्वात टाकीत असतो आणि त्याचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर ठेवतात. आमची रूम २० अंशांवर ठेवताना, एसीवाल्याला फोन करकरून माझा जीव जातो, आणि आम्हाला एक अंश इकडेतिकडे चालतो! आपल्याकडे माउंट अबूच्या गुरुशिखरावर फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचा पारस-२ हा वर्णपटमापक हेच काम करतो. त्यांनी २०२४ मध्ये टीओआय-६६५१बी हा ग्रह शोधला: पृथ्वीच्या पाचपट त्रिज्या, ६० पट वजन, घनता अडीच. शनीहून लहान अशा 'उप-शनी' वर्गातला असून बहुतांश दगड-लोखंडाचा.

आणि त्रिज्या, वजन दोन्ही चोख मिळूनही निकाल लागेलच असं नाही. भुजंगधारीतला जीजे १२१४बी २००९ पासून माहीत आहे. त्रिज्या पृथ्वीच्या पावणेतीनपट, वजन सुमारे आठपट, घनता २.२. हा भरपूर पाणी असलेला ग्रह असू शकतो, किंवा वर हायड्रोजन घेतलेला दगडी. दोन्ही हिशेब जुळतात. वातावरण तपासायला हबल दुर्बीण लावली तर ढगच ढग, आलेख सपाट. जेम्स वेब दुर्बिणीलाही तिथे दाट धुरकं दिसलं. माप एक आणि उत्तरं दोन, तिथे मी दोन्ही उत्तरं लिहिते. बातमीदार पाणी लिहितो.

माझा आवडता ग्रह म्हणाल तर केप्लर-९३बी. तिथे ना पाणी, ना वस्तीची आशा. पण त्याचा तारा कंपनांवरून मोजलेला आहे, म्हणून व्यास मिळाला सुमारे १८,८०० किलोमीटर, अधिक-उणे २४०. तीनशे प्रकाशवर्षांवरून! याला म्हणतात रिपोर्ट.

युरोपची प्लेटो ही मोहीम मुळातच ताऱ्यांची कंपनं आणि ग्रहांची संक्रमणं (ताऱ्यासमोरून जाणं) २६ कॅमेऱ्यांनी एकत्र मोजण्यासाठी आखलेली आहे. त्रिज्येत ३ टक्के आणि जमिनीवरच्या दुर्बिणींच्या मदतीने वजनात १० टक्के चूक, असं त्यांचं उद्दिष्ट आहे. भाच्याला म्हटलं, घनतेतली चूक काढ. तो म्हणाला, "त्रिज्येचा घन, म्हणून तीन त्रिक नऊ आणि वजनाचे दहा, एकोणीस." इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्वतंत्र चुकांची सरळ बेरीज करतात का रे? नऊचा वर्ग अधिक दहाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. साडेतेरा टक्के.