पालकाच्या रकान्यात फादर

कॅथलिक मिशनच्या हायस्कूलमध्ये मी लिपिक आहे. २०२३च्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसात जी गर्दी झाली, तशी दहावीच्या निकालालाही होत नाही. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगेंनी अंतरवाली सराटीत केलेल्या उपोषणानंतर न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर निजामकाळापासूनच्या कुणबी नोंदी शोधणं सुरू झालं. घराण्यात कुणबी नोंद निघाली तर मराठ्यांना ओबीसीचा दाखला मिळणार, म्हणून शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं एकदम मोलाची झाली. नोंद १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीची पाहिजे, हे पारावरच्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालं होतं.

आमचं सगळ्यात जुनं रजिस्टर प्राथमिक वर्गांचं, फसली सनाचं, म्हणजे निजामाच्या सरकारी वर्षाचं. फसली १३५० म्हणजे १९४०-४१, एवढा हिशोब मला जमतो. उर्दू नोंदींसाठी मात्र एका निवृत्त गुरुजींना बसवावं लागतं. निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी अंदाजाने वय धरायचे.

त्या दिवशी एक एसटीतून निवृत्त झालेले चालक मुलाला घेऊन आले. "जय येशू, बाळासाहेब," म्हणाले. मी चकित झालो, कारण कपाळाला बुक्का होता. मग कळलं, इथल्याच बोर्डिंगचं लेकरू. १९७२च्या दुष्काळात आईबाप गेले, कुणीतरी आणून मिशनमध्ये सोडलं. धर्म कुणी विचारला नाही, बदललाही नाही. रविवारी मिस्साला सगळ्यांच्या मागे बसायचे आणि आषाढीला उपास धरायचे.

मुलाला वंशावळ जुळवायची होती. वडिलांना आपल्या बापाचं नाव चांगलं ठाऊक, पण कागदावर ते कुठंच नव्हतं. एसटीची सेवापुस्तिका, आधार, रेशनकार्ड, सगळं शाळेच्या टीसीवरून झालेलं.

रजिस्टर काढलं. नाव आणि आडनाव, मधे काही नाही. पालकाच्या रकान्यात 'फादर, बोर्डिंग'. मुलगा वैतागला, "हे काय, साहेब?" वडील मात्र त्या पानावर बोट ठेवून बोलतच राहिले. दुष्काळातल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, सुकडी, पहाटेची घंटा, शेणाने सारवलेली झोपायची खोली. फादर पंगतीत शेवटी बसायचे आणि बहुतेकदा त्यांच्या वाट्याला कालवण उरायचं नाही. नाताळच्या गव्हाणीसाठी मेंढरं धनगरवाड्यातून खरी आणायची, एका वर्षी ती वेदीवरच्या झेंडूच्या माळा खाऊन गेली.

आमची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चांगली जाड आहे. आम्ही आधी अमरावती धर्मप्रांतात होतो, १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला, कोण कधी मुख्याध्यापक होते, सगळं आहे. बोर्डिंगला अर्धं पान. मला ते तेव्हाही खटकलं होतं, पण लिपिकाला संपादक मंडळात कोण घेतो?

फोटो काढायला मुलाने रजिस्टर सरळ केलं, तेव्हा माझं लक्ष 'यापूर्वीची शाळा' या रकान्याकडे गेलं. तिथं जिल्हा परिषदेच्या एका शाळेचं नाव होतं. म्हणजे पोरगं पहिलीला तिकडे होतं, आणि तिथं नाव घालायला बापच गेला असणार. तिथल्या मुख्याध्यापकांना फोन लावला. त्यांच्याकडेही हीच झुंबड. तासाभराने व्हॉट्सॲपवर फोटो आला. बापाच्या नावासकट पूर्ण नाव, गाव, जन्मतारीख आमच्यापेक्षा एक वर्ष आधीची. जातीच्या रकान्यात 'मराठा', कुणबी नाही.

मुलगा मटकन बसला. मी म्हटलं, निदान बापलेक एका कागदावर आले. आता आजोबांच्या नावाने १९५४चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, तहसीलला तपासा. त्यात काही निघेल की नाही ते मी कसं सांगणार?

मग त्याने विचारलं, "तुमच्या रजिस्टरात आजोबांचं नाव चढवता येतंय का?" विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर ती नोंद आम्हाला परस्पर बदलता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अर्ज कसा करायचा ते मी सांगू लागलो, तर वडील म्हणाले, "राहू द्या ना. खोटं थोडीच लिहिलंय त्यांनी?"

"राहू द्या कसं, आबा? जात पडताळणीत, व्हॅलिडिटीला अडकंल ना!"

"तुझ्या व्हॅलिडिटीला दुसरं काहीतरी बघ."

निर्गम उताऱ्यावर शिक्का मारून दिला. फाटकापर्यंत दोघांचं भांडण ऐकू येत होतं. तोवर खिडकीत पुढचे चारजण आजोबांची नावं सांगायला लागले होते.