व्हर्सायच्या टेनिस कोर्टवर

सव्वीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. घटना समितीचा धडा आला की पंडित नेहरूंच्या १३ डिसेंबर १९४६ च्या भाषणाची गोष्ट मुलांना सांगितल्याशिवाय मी पुढे जात नसे. घटनेची ध्येयं सांगणारा उद्दिष्टांचा ठराव मांडताना त्यांना फ्रेंच राज्यक्रांतीतली घटना समिती आठवली होती. बसायला दालनसुद्धा मिळू दिलं नाही, तेव्हा ती माणसं उघड्या टेनिस कोर्टवर जमली आणि काम पुरं होईपर्यंत पांगणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली, असं नेहरूंनी सांगितलं होतं. म्हणून माझ्या मनात कायम एक मोकळं पटांगण होतं.

लेक पॅरिसला असते. जूनमध्ये तिच्याकडे गेले तेव्हा म्हटलं, बाकीचं नंतर, आधी मला ते कोर्ट दाखव.

लोकलने व्हर्सायला उतरलो. सगळी गर्दी राजवाड्याकडे निघाली होती. आम्ही ती वाट सोडून सँ-लुई भागात शिरलो. पाऊस भुरभुरत होता. एका अरुंद गल्लीत साधीशी भिंत, दार, आणि आत पाऊल टाकलं तर डोक्यावर उंच छप्पर! पटांगण नव्हतंच. चारी बाजूंनी भिंती आणि वरच्या अंगाला खिडक्या असलेलं ते दालन १६८६ मध्ये बांधलेलं. टेनिसचा पूर्वज असलेला 'ज्य द पोम' हा खेळ असा बंदिस्त जागेतच खेळत. इतकी वर्षं मुलांना चुकीचं चित्र दाखवलं याची चुटपुट लागली खरी, पण त्याच क्षणी गोष्ट जास्त खरी वाटू लागली. २० जून १७८९ लाही पाऊसच होता. प्रतिनिधी सकाळी सभागृहाशी आले तर दाराला कुलूप आणि पुढे शिपाई. डोक्यावर छप्पर हवं होतं. हे दालन सुचवलं त्यांच्यातल्याच डॉक्टर गियोतँ यांनी.

कुलूप का लागलं? तिजोरी रिकामी झाली म्हणून सोळाव्या लुईने १६१४ नंतर प्रथमच तिन्ही वर्गांची सभा बोलावली होती. धर्मगुरू, सरदार आणि बाकी सगळी जनता. मत मात्र वर्गाला एकेक, म्हणजे पहिले दोघे मिळाले की तिसरा हरलाच. त्या तिसऱ्या वर्गाने १७ जूनला जाहीर केलं की आम्ही राष्ट्राच्या निदान ९६ टक्के लोकांचे प्रतिनिधी आहोत, तेव्हा आम्हीच राष्ट्रीय सभा. त्यानंतर तीनच दिवसांनी सभागृहाचं दार त्यांना बंद झालं.

मला शाळेतल्या एका मुलाचा प्रश्न आठवला. "बाई, विधानसभेला अधिकार घटना देते, मग घटना लिहिणाऱ्यांना कुणी दिला?" याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही. आपली घटना समितीही इंग्रजांच्या कॅबिनेट मिशनच्या योजनेतून आली, मर्यादित मतदारांनी निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी तिचे सदस्य निवडले. तरी उद्देशिका सुरू होते 'आम्ही, भारताचे लोक' अशी. या दालनात उभं राहून वाटलं, त्या मुलाला इथे आणायला हवं होतं. राजाने बोलावलेली माणसं इथे राजाच्या परवानगीविना थांबली. आपला अधिकार राजाकडून आलेला नाही, लोकांकडून आलेला आहे, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं. खगोलशास्त्रज्ञ बायी अध्यक्ष होते. त्यांचा पुतळा तिथे आहे.

भिंतीवर त्या शपथेचं मोठं चित्र आहे, चित्रकार दाविदच्या रेखाटनावरून पुढे रंगवलेलं. शेकडो हात शपथेसाठी उंचावलेले. लेकीने मला उजव्या कडेला नेलं. तिथे एक जण बसून आहे. हात छातीशी घट्ट दुमडलेले, मान खाली. हे मार्तां-दोश. राजाने मान्य न केलेले निर्णय पाळण्याची शपथ मी घेऊ शकत नाही, असं म्हणत त्यांनी आपल्या सहीपुढे 'विरोधी' असं लिहिलं. सभा खवळली, पण ती नोंद खोडली गेली नाही. मतस्वातंत्र्याचा पुरावा म्हणून ती राहू दिली.

मी त्या चित्रापुढून बराच वेळ हलले नाही. मला आपल्या घटना समितीतले मुकुंदराव जयकर दिसत होते. नेहरूंच्या त्या भाषणानंतर तीनच दिवसांनी, १६ डिसेंबरला, मुस्लिम लीग आणि संस्थानं आलेली नाहीत, तोवर ठराव पुढे ढकला, अशी उपसूचना त्यांनी मांडली. सभागृहाला ती रुचली नाही. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि जयकरांच्या म्हणण्यामागचं शहाणपण त्यांनी सभागृहाला पटवून दिलं. ठराव अखेर मंजूर झाला तो २२ जानेवारी १९४७ ला.

"पुढे जयकरांचं काय झालं?" लेकीने विचारलं.

त्यांनी घटना समितीचं सदस्यत्व सोडलं. बाबासाहेब निवडून आले होते बंगालमधून, आणि फाळणी ठरल्यावर ती जागा गेली. जयकरांची मुंबईची जागा रिकामी होती. जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब घटना समितीत परत आले ते त्या जागेवरून.