नासाने म्हटलंय म्हटल्यावर

फोनवर रोज सकाळी एक तरी "तुम्हाला माहीत आहे का?" येऊन पडलेलं असतंच, आणि मला ते वाचायला मनापासून आवडतं हे आधीच सांगून टाकतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, केळं हे वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही, शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा. हे सगळं खरं आहे बरं का. शुक्राला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला आपले २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती प्रदक्षिणा मात्र २२५ दिवसांतच होते. (सूर्योदय ते सूर्योदय मोजलं तर दिवस ११७ च दिवसांचा भरतो, पण एवढी बारीक अक्षरं फॉरवर्डमध्ये कोण लिहिणार.)

गंमत म्हणजे या खऱ्या गोष्टी बिचाऱ्या एकट्या येतात, कुणाचं नाव नाही, गाव नाही. थापा मात्र कधीच एकट्या येत नाहीत, त्यांच्यासोबत कायम कुणीतरी मोठं परदेशी माणूस असतं. नासा, युनेस्को, हार्वर्ड. आपल्याकडच्या थापेला तर हा शिक्का लागतोच लागतो. जन गण मनला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत जाहीर केलं हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा आलंय, युनेस्कोने असं काही केलेलं नाही म्हणून २००८ मध्येच सांगून झालं, तरी १५ ऑगस्ट आला की अभिनंदन सुरू.

आणि तो दिवाळीचा फोटो! काळ्या पार्श्वभूमीवर भारत, त्यावर पांढरे-निळे-हिरवे-लाल ठिपके, खाली "दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत, सौजन्य नासा". २०१२ साली खुद्द नासाला सांगावं लागलं की बाबांनो, हा दिवाळीचा नाही, हा एका रात्रीचाही फोटो नाही. अमेरिकन उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी टिपलेले रात्रीचे दिवे एकावर एक ठेवून नोआच्या एका शास्त्रज्ञाने २००३ मध्ये ती प्रतिमा बनवली होती (नोआ म्हणजे अमेरिकेची हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणारी सरकारी संस्था), म्हणजे पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ मध्ये दिसायला लागलेले, हिरवे १९९८ मध्ये आणि लाल २००३ मध्ये. पणत्या आणि आकाशकंदील एवढ्या वरून वेगळे कळतच नाहीत. आता मला सांगा, दहा-अकरा वर्षांत देशात कुठेकुठे वस्ती वाढली, कुठे नव्याने दिवे लागले याचा तो नकाशा आहे, हे जास्त भारी नाही का? पण त्यात सणाची मजा नाही, त्यामुळे चालत नाही.

पण माझी सगळ्यात लाडकी केस म्हणजे आपले मुंबईचे डबेवाले. "फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा सर्टिफिकेट दिलं, १ कोटी ६० लाख डब्यांत एक चूक" हे मॅनेजमेंटच्या वर्गात, मोटिव्हेशनल भाषणात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकलंय. (सिक्स सिग्मा म्हणजे कामातल्या चुका जवळजवळ शून्यावर आणायची पद्धत.) तर झालं असं की १९९८ मध्ये फोर्ब्स या अमेरिकन उद्योगविषयक नियतकालिकात सुब्रत चक्रवर्ती या पत्रकाराने डबेवाल्यांवर लिहिलं. त्यांनी डबेवाल्यांच्या प्रमुखांना, म्हणजे रघुनाथ मेदगे यांना विचारलं की तुमच्याकडून चुका किती होतात. उत्तर आलं की जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांत एखादी. आपण कुठल्याही दुकानदाराला विचारलं तर तो देईल तसंच उत्तर! चक्रवर्तींनी मग हिशोब मांडला. रोजचे पावणेदोन लाख डबे, गुणिले दोन महिने, की साधारण ८० लाखांत एक, आणि रिकामा डबा घरी परत जातो तीही खेप धरली तर १ कोटी ६० लाखांत एक. बास. एवढंच. कुणी स्टेशनवर वही घेऊन चुका मोजल्या नव्हत्या.

आणि सिक्स सिग्मा? तो शब्द त्या लेखात नव्हताच. चक्रवर्तींनीच नंतर सांगितलं की त्यांच्या ऐकिवातल्या गोष्टीप्रमाणे एका परिषदेत एका पत्रकाराने डबेवाल्यांच्या अध्यक्षांना विचारलं, तुमची संस्था सिक्स सिग्मा आहे का? ते म्हणाले ते काय असतं ते माहीत नाही, मग त्यातला चुकांचा आकडा समजावून सांगितल्यावर म्हणाले की मग आहोत की आम्ही, फोर्ब्सला विचारा! आणि त्या पत्रकाराने फोर्ब्सला न विचारता छापून टाकलं. मला तर त्या हजरजबाबीपणाचंच सर्टिफिकेट द्यावंसं वाटतं.

यात डबेवाल्यांचं काही कमी होत नाही हो. १८९० पासूनचं काम, मावळ-जुन्नर-खेड भागातली साधी माणसं, डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे, आणि त्यावरून लोकलच्या गर्दीतून डबा बरोब्बर त्या मजल्यावर. २०१० मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी केली ती खरी आहे, आणि २००५ मध्ये प्रिन्स चार्ल्सच्या लग्नाला दोन डबेवाले लंडनला गेले होते तेही खरं आहे. असं सगळं हातात असताना खोट्या सर्टिफिकेटची गरज का पडते कुणास ठाऊक.

बरं, थाप उघडी पाडणारे तरी सगळे धुतल्या तांदळासारखे असतात का, तर तेही नाही. "पालकातलं लोह चुकून दहापट छापलं गेलं, कुणा जर्मन शास्त्रज्ञाचा दशांशचिन्हाचा घोटाळा, म्हणून कार्टूनमधला पॉपाय पालक खातो" हे मी लोकांना फार रुबाबात सांगताना पाहिलंय. ती गोष्ट १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखातून गाजली, आणि २०१० मध्ये माइक सटन नावाच्या अभ्यासकाने खणून पाहिलं तर त्या दशांशचिन्हाचा कुठे पत्ताच नाही. पॉपाय तर १९३२ च्या एका कॉमिक स्ट्रिपमध्ये स्वतःच सांगतो की पालक अ जीवनसत्त्वासाठी खातो. म्हणजे गैरसमज दूर करणाराच गैरसमज निघाला.

परवा आमच्या साडूंना मी वॉम्बॅटचं सांगितलं. ऑस्ट्रेलियातला अस्वलासारखा गुबगुबीत प्राणी, त्याची लेंडी चौकोनी असते, चक्क ठोकळा. हे शंभर टक्के खरं आहे, आतड्याची भिंत काही ठिकाणी ताठ आणि काही ठिकाणी लवचिक असते त्यामुळे तसा आकार येतो. साडू म्हणाले, "काहीही काय सांगता राव, सकाळी सकाळी." मी म्हटलं, अहो खरंच, याच्या संशोधनाला २०१९ मध्ये इग नोबेल मिळालंय, म्हणजे ते आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. त्यातलं त्यांनी काय ऐकलं ते संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर कळलं. "अभिमानास्पद! ऑस्ट्रेलियातील प्राण्याला नोबेल पुरस्कार." आपल्याला यात कसला अभिमान, हे विचारायच्या आत खाली सतरा अंगठे पडले होते.