घाम कोणाचा?

कोविडचा बूस्टर घ्यायचं मी बरेच दिवस टाळत होतो, खरं कारण म्हणजे पैसे द्यायच्या जिवावर येत होतं, पण 2022 च्या 15 जुलैपासून अमृत महोत्सव म्हणून 75 दिवस फुकट म्हटल्यावर कुठलंच निमित्त उरलं नाही. साताऱ्यात तेव्हा पाऊस असा की घरातून अजिंक्यतारा दिसतच नव्हता. ठिबकती छत्री कोपऱ्यात टेकवली, दंडात अर्धा एमएल कोविशिल्ड घेतली, सिस्टर म्हणाल्या काका अर्धा तास बसा, बसलो. शुगर आहे म्हटलं तर म्हणाल्या, मग तर घ्यायलाच पाहिजे.

संध्याकाळपर्यंत काहीच नाही. मी हिला ऐटीत सांगतोय, आता अंगाला सवय झालीय बघ. आणि सातला थंडी वाजायला लागली ती दोन गोधड्या घेऊन पण दात वाजायचे थांबेनात, दंडाला हात लावू देईना, ताप 101. जेवण म्हणजे तीन चमचे पेज. नऊला बोट टोचलं तर ग्लुकोमीटरवर 238!

"अहो, खरं सांगा, पेढा खाल्ला ना?"

शेजारच्या पोराला नोकरी लागली म्हणून दुपारीच कंदी पेढ्यांचा बॉक्स आला होता. साताऱ्यात राहून मधुमेह म्हणजे शिक्षाच आहे, मोती चौकातनं नाक दाबून जावं लागतं. पण त्या दिवशी मी खरंच निर्दोष होतो हो, आणि ते हिला पटेना. शेवटी डॉक्टरांना फोन. ते म्हणाले पेढा खायची गरजच नाही, ताप आला की अंगात कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स वाढतात, मग लिव्हर आपल्याकडची साखर रक्तात सोडतं, उपाशी माणसाचीसुद्धा शुगर चढते. पॅरासिटामॉल घ्या, पाणी पीत राहा, तीन-चार तासांनी चेक करा, आणि रात्रीची गोळी पोटात काहीतरी असल्याशिवाय नको. हे शेवटचं मी ऐकलं पण आणि नाही पण. 238 चा आकडा बघून घाबरलो होतो, शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडवाली गोळी टाकली, पेजेची उरलेली वाटी तशीच ठेवली आणि झोपलो.

तीनला जाग आली ती घामाने. बनियन पिळून काढावं इतका घाम, हात थरथरतायत, छातीत धडधड. आता हा घाम कोणाचा? ताप उतरताना पण असाच येतो, आणि शुगर उतरताना पण. बाकीच्या लोकांचं बरं असतं, घाम आला की आई म्हणते ताप उतरला आणि ते कूस बदलून झोपतात. आमच्याकडे थरथरीला दोन मालक, धडधडीला दोन मालक, आणि कोणाची ते बोट टोचल्याशिवाय कळत नाही. बरं, बोट टोचायचं तर थरथरत्या हातानं ती एवढीशी स्ट्रिप फटीत जाईना, दोन वाया गेल्या (एका स्ट्रिपची किंमत अशा वेळी पण आठवते), तिसरीत आकडा आला, 64. म्हणजे घाम शुगर उतरल्याचा.

मला आधी आठवला तो पेढ्यांचा बॉक्स. चला, म्हटलं, आज कायदेशीर! हिनं डोळे चोळत तीन चमचे साखर पाण्यात ढवळून ग्लास हातात दिला. पेढ्यात खव्याचं फॅट असतं, साखर रक्तात पोचायला उशीर लागतो, हे तिला कुठून माहीत देव जाणे, पण बरोबर होतं. मग पंधरा मिनिटं आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो, बाहेर पत्र्यावर पाऊस. 97. मग तिनं दोन बिस्किटं दिली आणि मला झोपवलं.

सकाळी ताप नव्हता, दंड ठणकत होता. चहाबरोबर हिनं बॉक्स उघडून दाखवला, म्हणाली, "बारा आहेत, रात्री पण बाराच होते."

म्हणजे मी गोधडीत कुडकुडत होतो तेव्हा ही स्वयंपाकघरात पेढे मोजत होती.