चढत्या लयीची उतरती यादी

फोंडा, आषाढ

रात्री निजायच्या वेळी डोकं तापलेलं असताना एकदम संथ आलाप लावला, तर तो बहुतेकदा कानाबाहेरच राहतो. मन धावतंय, सूर थांबलाय. दोन मिनिटांत हात पुन्हा मोबाइलकडे. संगीतोपचारातला जुना नियम मला म्हणूनच पटतो: आधी मनाच्या वेगाचं संगीत, मग पायरी-पायरीने उतरतं.

आपल्या शास्त्रीय गायनातल्या ख्यालाची चाल मात्र नेमकी उलटी, विलंबितातून (संथ लयीतून) द्रुताकडे (जलद लयीकडे). गोव्यातली घुमट आरतीही तशीच. घुमट, शामेळ आणि कासाळें ही वाद्यं शेवटाकडे अशी रंगतात की अंगावर काटा येतो. चवथीला ती चढण हवीच, निजायच्या वेळी नको. तेव्हा पूर्ण मैफल न लावता तुकडे निवडावेत आणि क्रम फिरवावा.

अशा तुकड्यांची यादी 25 ते 30 मिनिटांची पुरते. सुरुवातीला पाचेक मिनिटं जलद लयीतला तराणा किंवा ओळखीची आरती. मग मध्य लयीतला एखादा अभंग किंवा नाट्यगीत. त्यानंतर दहा मिनिटं एकाच रागाचा विलंबित, आणि द्रुत सुरू व्हायच्या आत बंद. गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्या मी या यादीत घेत नाही. तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडायचा म्हणजे गाणं पहिल्या क्षणापासून पेटलेलं. ते ताठ बसून ऐकायचं.

शेवटची पाच मिनिटं नुसता तानपुरा, आणि खरा गुण इथेच येतो. अ‍ॅपमध्ये आपल्या गळ्याची पट्टी लावायची. प सा सा सा चालू झालं की ओठ मिटून खालच्या षड्जात (सा मध्ये) गुणगुणायचं, एका श्वासात जमेल तेवढंच. गुणगुणताना श्वास आपोआप सावकाश सुटतो, आणि लांबलेल्या उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. पट्टी फार खाली धरली तर गळा दाबला जातो, खांदे उचलले जातात आणि सगळं फुकट.

यादी आधी डाउनलोड केलेली बरी. पावसात नेटवर्क जातं, आणि विलंबिताच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जाहिरात वाजली तर पहिल्यापासून सुरुवात. आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोयही बंद ठेवावी.

कौलांवर पाऊस कोसळत असताना आवाज वाढवायचा मोह होतो. तो टाळावा, कान शिणतात आणि मन उलट सावध होतं. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेऊन आवाज निम्म्यावर ठेवला की पुरे. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, तर यादी बदलत बसू नये. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे जावं.