चार नंबरचं घर

अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात काळ्या दारूच्या (ब्लॅक पावडरच्या) जुन्या रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती ‘अँटिक’ धरली जाते, बंदूक नव्हे. त्यामुळे टेक्सासमध्ये ती कुणीही सहज मागवतो, मग हौसेने खोलतो. बिनसलं की ती माझ्या टेबलावर येते.

परवा आलेली १८५१ च्या कोल्ट नेव्हीची इटालियन प्रत होती, .३६ कॅलिबरची. तक्रार अशी की घोडा झटकन ओढला की सिलिंडर ठरलेलं घर (गोळी भरायचा कप्पा) ओलांडून पुढे जातो. घरं रिकामी, कॅप (ठिणगी पाडणाऱ्या टोप्या) नाहीत, हे पाहून घोडा सावकाश ओढला. पाच घरं चोख: घोडा पूर्ण ताणला जायला आणि बोल्ट (सिलिंडर जागी अडकवणारी खिट्टी) सिलिंडरच्या खाचेत टक् बसायला एकच गाठ. चौथं जरा कुरकुरलं.

बोल्ट लवकर सुटून सिलिंडरवर घासत असता तर खाचांच्या पट्ट्यात गोल ओरखडा उठला असता. तो नव्हता. सिलिंडरवर कोरलेली १८४३ ची, मेक्सिकोच्या आखातातली कांपेचेची आरमारी लढाईही शाबूत होती. (तेव्हा स्वतंत्र देश असलेल्या टेक्सासचं स्वतःचं आरमार त्यात लढलं, म्हणून इथल्या गिऱ्हाइकांना त्या जहाजांचं भारी कौतुक.) म्हणजे बोल्टच वर यायला आळस करत होता. आत दोन पायांची चपटी स्प्रिंग असते, एक पाय चापासाठी, एक बोल्टसाठी. चाप हलका व्हावा म्हणून कुणीतरी दोन्ही पाय कानशीने घासून पार कागद केले होते. व्हिडिओ बघून कानस चालवणाऱ्यांना माझा दंडवत.

स्प्रिंग बदलली, झटक्याचा दोष गेला. चौथं घर मात्र सावकाश ओढल्यावर खाचेच्या केसभर अलीकडेच थांबायचं. रॅचेटचा, म्हणजे सिलिंडरमागच्या दातेरी चक्राचा, तेवढाच दात बुटका. लांब हॅण्ड (तो दात ढकलून सिलिंडर फिरवणारा दांडा) बसवला तर चौथं जमेल, पण बाकीची पाच वेळेआधी अडकतील आणि घोड्याचा उरलेला जोर हॅण्डच्या टोकावर नि बोल्टवर येईल. सिलिंडर बदला, मी म्हटलं.

“मी झटक्यानेच ओढतो. तेव्हा बसतं ना?” गिऱ्हाईक म्हणालं.

बसतं, वेगाच्या जोरावर. काळ्या दारूची काजळी साचून सिलिंडर जड फिरायला लागला की तो वेग कुठून येणार? घर नळीशी सरळ नसेल तर गोळीचं शिसं सोलून निघतं आणि बाजूला उडतं. आमचे मालक म्हणाले, तक्रार होती ती मिटली, बिल करा.

शेवटी चौथ्या घरामागे लाल रंगाचा ठिपका दिला आणि पावतीवर लिहिलं, हे घर भरू नका. नाहीतरी पाचच भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवायची पद्धत आहेच. तो पाळेल असं मला वाटत नाही.