यंदा काय घेऊ, काय बघू? तुम्ही विचारलंत म्हणून

एकेकाळी मी चार जणांना बरे हेडफोन सुचवले आणि ते खरंच बरे निघाले. तेव्हापासून 'यातलं कळणारा माणूस' अशी नात्यागोत्यात माझी नोंद झाली आहे. सप्टेंबर उजाडला की फोन सुरू होतात. यंदा कोणता फोन घेऊ, ते नवं घड्याळ कसं आहे, बघण्यासारखं काय येतंय? दरवर्षी प्रत्येकाला तेच तेच सांगतो, म्हणून या वेळी एकदाच लिहून टाकतो.

आधी हे सगळं याच तीन महिन्यांत का कोसळतं ते सांगतो. अमेरिका-युरोपात वर्षअखेरीला भेटी द्यायच्या असतात, आणि कंपन्यांचं वर्षभराचं गणित त्या खरेदीवर बसलेलं असतं. म्हणून माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुकानात पोचलाच पाहिजे. निन्टेंडोचा एनईएस हा व्हिडिओ गेम न्यूयॉर्कात आला तो ऑक्टोबर १९८५ मध्ये. आयपॉड जगाला दाखवला २३ ऑक्टोबर २००१ ला, आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, एक्सबॉक्स हा गेम खेळायचा डबा दुकानात आला. अमेरिकेतल्या टीव्हीचा नवा हंगामही सप्टेंबरातच उघडतो. 'फ्रेंड्स'चा पहिला भाग लागला तो २२ सप्टेंबर १९९४ रोजी. सिनेमावाल्यांची वेगळीच तऱ्हा. पुरस्कार देणाऱ्यांच्या डोक्यात आपलं चित्र ताजं राहावं म्हणून वजनदार सिनेमे शेवटच्या तिमाहीसाठी राखून ठेवतात. थोडक्यात, घाई त्यांची आहे. तुम्हाला कसली घाई आहे?

म्हणून माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: चालू असलेलं बंद पडलं नसेल तर फेब्रुवारीपर्यंत काही घेऊ नका. ऑक्टोबरात आलेली वस्तू फेब्रुवारीत शिळी होत नाही. उलट तोवर दोन-तीन अपडेट येऊन तिच्यातल्या सुरुवातीच्या चुका निस्तरलेल्या असतात आणि घाईने घेतलेल्यांच्या तक्रारी वाचायला मिळतात. फुकटात दुसऱ्याचा अनुभव, आणखी काय हवं?

बघण्याचं म्हणाल तर मालिका संपल्याशिवाय मी सुरू करत नाही. अर्धवट गोष्ट सांगून दोन वर्षं गायब होणाऱ्यांचा मला राग आहे, एवढंच कारण. यंदा एकच सुचवतो आणि तेही शंभर वर्षांपूर्वीचं: १९२२ सालचा जर्मन मूकपट 'नोस्फेराटू'. 'ड्रॅक्युला'ची गोष्ट परवानगी न घेता उचलली म्हणून त्या कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकर याची विधवा कोर्टात गेली, जिंकली, आणि सिनेमाच्या सगळ्या प्रती नष्ट करा असा हुकूम झाला. पण काही प्रती आधीच देशाबाहेर पसरल्या होत्या. कोणाच्या तरी कपाटात राहिल्या म्हणून आज आपण तो बघू शकतो. रात्री, दिवे घालवून बघा. तो जिना आणि ती सावली अजून काम करतात.

आता खरा विषय. यंदा माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, कॅसेटवाला प्लेअर घ्यायचाय. ब्लूटूथवाला, नवा. कोणता घेऊ?"

हा मुलगा कॅसेट संपल्यावर जन्मलेला. पण जुन्याचा बाजार आता त्याच्याच वयाच्या लोकांवर चालतो. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडींपेक्षा जुन्या धाटणीच्या विनाइल तबकड्या जास्त विकल्या गेल्या, ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी, आणि असं १९८७ नंतर पहिल्यांदाच घडलं. त्याला म्हटलं, "थांब. आधी माझा वॉकमन उघडू, मग ठरव."

खणातून तो काढला. नव्वदीतला, काळा, सेलच्या झाकणाची कडी तुटलेली. दोन सेल घातले, प्ले दाबलं. आत मोटर गुणगुणत होती, चक्रं मात्र ढिम्म. बहुतेक वेळा हेच असतं: आतला रबरी पट्टा गेलेला असतो. मागचे पाच स्क्रू काढले तर पट्ट्याचा काळा डिंक झालेला, ज्यांवरून तो फिरतो त्या दोन्ही चाकांना चिकटलेला. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कानातल्या काड्या घेऊन आम्ही अर्धा तास ते पुसत होतो. बोटं काळी ती काळीच राहिली.

नवा पट्टा कोणत्या मापाचा घ्यायचा, ही खरी मेख. जुना वितळलेला, मोजणार काय? मग त्या चाकांभोवती, पट्टा जातो त्याच वाटेने, शिवणाचा दोरा फिरवायचा, त्याची लांबी मोजायची आणि पाचेक टक्के कमी धरायची, म्हणजे पट्टा ताणून बसतो. फार घट्ट घेतलात तर मोटर दमते. सैल घेतलात तर गाणारी बाई मधूनच दारू प्यायल्यासारखी गाते. आम्ही पहिला पट्टा सैलच मागवला. दुसरा बसला.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे सुमारे ८६ मीटर फीत, कागदाहून कितीतरी पातळ, तेवढ्याशा डबीत गुंडाळलेली. ती सरकण्याचा वेग सारखा ठेवतो एक पोलादी दांडा आणि त्याला टेकलेलं रबरी चाक. त्या चाकावर तपकिरी राप चढला की फीत तिरकी जाते आणि मग मशीन ती खातं. 'कॅसेट खाल्ली' हे आम्ही लहानपणी म्हणायचो ते असं. हे सगळं भाचा डोळे मोठे करून ऐकत होता. त्याने विचारलं, "म्हणजे पुढचं गाणं लावायचं झालं तर?" म्हटलं, फॉरवर्ड दाबायचं आणि अंदाज घ्यायचा. त्याला ते क्रौर्य वाटलं.

लावायला कॅसेट निघाली ती दादाची. तिच्या मागच्या कडेला दोन्ही खाचांवर चिकटपट्टी लावलेली होती आणि तो गुन्हा माझाच. रेकॉर्ड केलेलं चुकून पुसलं जाऊ नये म्हणून त्या खाचांवरचे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकायचे असतात. दादाने ते रीतसर मोडले होते. मी बारा वर्षांचा, रेडिओवरचं एक गाणं हातचं जाऊ नये म्हणून खाचांवर चिकटपट्टी लावली आणि त्याचं अर्धं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. आठवडाभर दादा माझ्याशी बोलला नव्हता. आता प्ले दाबलं तर आधी दादाने निवडलेलं गाणं, मग कडव्याच्या ऐन मध्यात खट्ट, आणि निवेदकाच्या अर्ध्या वाक्यापासून माझं.

दादाला फोन लावून ऐकवलं. "अजून ठेवलीयस?" एवढंच म्हणाला, आणि मग, "दुसऱ्या बाजूचं तरी शिल्लक आहे का रे?"

भाच्याच्या ब्लूटूथवाल्या प्लेअरबद्दल: आज मिळणाऱ्या बहुतेक नव्या प्लेअरांत डॉल्बीचा, म्हणजे फितीची सळसळ कमी करणारा, भाग नसतो. डॉल्बी लावून भरलेली जुनी कॅसेट त्यात टोचरी आणि सूंऽऽ आवाजासकट वाजते. रिकाम्या हाताने सुरुवात करणार असाल तर घ्या, मजा आहे. घरात जुनं मशीन पडलं असेल तर आधी पट्टा बदला.

सगळंच मात्र असं दुरुस्त होत नाही. टीव्हीवरच्या व्हिडिओ गेममधली बदकं मारायची ती पिस्तुलं आठवतात? ती माझ्याकडे आहेत, धडधाकट आहेत, आणि कायमची निरुपयोगी आहेत. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा, आणि नळीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी दिसतो का ते तपासायचा. जुन्या काचेच्या टीव्हीवर उजेड लगेच पडायचा. आताचे सपाट पडदे चित्र आधी चघळतात, मग दाखवतात. तेवढ्या उशिरात बदक उडून गेलेलं असतं. त्यासाठी कोणाकडे जुना जड टीव्ही असेल तर टाकू नका, मला कळवा.

आणि जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजांत कृपा करून फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली आणि सगळ्यांना वाटलं त्यानेच चालतं. चालायचं ते काढून परत नीट बसवल्यामुळे. तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्यांना गंज आणते, एवढंच ती करते.

तर यंदाची माझी यादी एवढीच: एक सिनेमा, एक रबरी पट्टा, एक बाटली अल्कोहोल. फोन फेब्रुवारीत विचारा. आणि फीत बाहेर आलीच तर बोटाने ओढू नका, चक्रात पेन्सिल घालून फिरवा. पेन्सिल षटकोनी घ्या. चक्राला आत सहा दात असतात, त्यांत ती अडकते. गोल पेन्सिल नुसतीच फिरत राहते.